गिटारची भुणभुण आणि मामंजी

मामंजी,

तुमच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं तुमच्याविषयी काहीतरी सांगितलं. निजामाच्या राज्यात तुम्ही उर्दूतून शास्त्र शिकवलंत, पोलीस ॲक्शननंतर त्याच वर्गात उभं राहून मराठीतून शिकवलंत, हातात कधी छडी घेतली नाहीत आणि तरी पोरं तुम्हाला चळाचळा कापायची. सगळं खरं होतं. मी पंगतीत वाढत होते आणि ऐकत होते. गिटारविषयी कुणी एक शब्द काढला नाही. सासरा आणि सून यांच्यात गिटारवरून काय काय झालं हे तेराव्याच्या पंगतीत बोलायचं नसतं बहुतेक. मग ते मीच बोलते. तुमच्याशीच बोलते, म्हणजे मध्ये कुणी समजूत घालायला येणार नाही.

लग्न होऊन मी हैदराबादहून तुळजापूरला आले तेव्हा माझ्या सामानात एक लांबट लाकडी पेटी होती. आत कलकत्त्याची इलेक्ट्रिक गिटार. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातानं तारांवरून पोलादी कांडी सरकवायची आणि उजव्या हातानं छेडायचं. आळीतल्या बायका पेटीभोवती जमल्या. कुणी म्हणालं, ही बसकी सतार का? कुणी म्हणालं, हिला भोपळा कसा न्हाय? मी खाली मान घालून बसले होते, नव्या सुनेनं बसावं तशी. तेवढ्यात तुम्ही बाहेरून आलात, वाकून बघितलंत आणि विचारलंत,

"हिच्यात मिक्नातीस आहे का?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझी शाळाही उर्दूची. लोहचुंबकाला मिक्नातीस म्हणणारं माणूस या गावात भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

"जी, आहे," मी म्हटलं.

तुम्ही खिशातला चाकू काढून तारांखाली नेलात. तो खटकन चिकटला, आणि तुम्ही हसलात. सासूबाई नंतर मला म्हणाल्या, "नशीब काढलंस. माझ्या लग्नात हे माणूस हसलं नव्हतं."

आमच्या यांची नोकरी भूमच्या तहसिलीत. शनिवारी यायचं, सोमवारी पहिल्या एसटीनं जायचं. त्यामुळं आठवडाभर घरात आपण तिघंच. गावात वीज नवीन होती आणि घरात विजेवर चालणारी वस्तू एकच होती, तुमचा रेडिओ. त्याला सासूबाईंनी विणलेला रुमाल असायचा आणि तुमच्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या रेडिओच्या पाठीमागं ग्रामोफोन लावायची दोन भोकं आहेत हे तुम्हीच मला दाखवलंत. माझ्या गिटारची वायर त्यात बसली आणि रेडिओतून माझी गिटार वाजायला लागली. सासूबाई आतून धावत आल्या. त्यांना वाटलं, हैदराबाद स्टेशन लागलं.

तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत. तारांखाली एक लोहचुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, याला म्हणायचं पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की गुंडाळीत इवलीशी वीज खेळते. रेडिओ ती वीज मोठी करतो आणि आपल्याला ऐकवतो. सासूबाई म्हणाल्या, "एवढं द्राविडी कशाला, भोपळा लावला असता तर?" तुम्ही कपाळाला हात लावलात. नियम मात्र त्या दिवशीच ठरला. बातम्या संपल्या की रेडिओ माझा.

भुणभुण पहिल्या दिवसापासून होती. गिटार जोडली की रेडिओतून एकसारखा जाड आवाज यायचा, भिंतीआड भुंगा कोंडल्यासारखा. मी पाट फिरवून खिडकीकडं तोंड करून बसले की तो थोडा कमी व्हायचा. म्हणून मी खिडकीकडं तोंड करून वाजवायची, आणि रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, ही सून रस्त्यावर लक्ष ठेवून असते.

वाचनालयाच्या वाढदिवसाला यांनी परस्पर माझं नाव दिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? हैदराबादेत मी मुलींच्या शाळेत वाजवलं होतं, भीड नव्हती. पण वाचनालयाच्या त्या दालनात नव्या ट्यूबलाइटी होत्या आणि माझ्या पायाशीच लाउडस्पीकर लावणाऱ्या कर्णेवाल्याचं मशीन ठेवलेलं. वायर जोडली आणि भुणभुण अशी उठली की पहिल्या रांगेतली माणसं मागं सरकली. मी खिडकीकडं वळायला बघितलं, तर तिकडं भिंत. मागून कुणीतरी ओरडलं,

"बाई, आदी भुंगा हाकला, मग वाजवा!"

सगळं दालन हसलं. मी वाजवायला घेतलेलं पूर्ण केलं. मधेच उठून जाणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हाला पुढं चांगलंच कळलं. पण माझा एकही सूर लोकांपर्यंत पोचला नाही, हे मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तुमचे चुलतभाऊ घरी आले. मी आत चहा करत होते, आणि मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं ते बोलत होते. घरंदाज घरची सून. चारचौघांत मांडीवर ते घेऊन बसली. वर हसं झालं. तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत. चहा झाला, पान झालं, ते गेले. तुम्ही त्यांना एका शब्दानं उत्तर दिलं नाहीत. मी कपबशा उचलायला आले तेव्हा मला म्हणालात, "ही भुणभुण कुठून येते ते बघू."

मामंजी, त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. मला भुणभुणीचं काही पडलं नव्हतं. मला हवं होतं की तुम्ही त्यांना म्हणावं, माझी सून चांगलं वाजवते. रात्री सासूबाईंजवळ मी ते बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नाही. दुरुस्त करता येतं."

तुम्ही खरंच दुरुस्तीला लागलात. अडगळीत एक मेलेला जुना रेडिओ पडला होता. त्याचा स्पीकर तुम्ही उकललात आणि मला हाक मारलीत. आत एक मोठी गुंडाळी होती आणि तिच्या तोंडाशी दुसरी अगदी चिमुकली, उलट्या दिशेनं जोडलेली.

"ही कशाला माहीत आहे?" तुमचा आवाज वर्गातला झाला होता. "भुणभुण मारायला. भुणभुणीवर उलटी भुणभुण सोडायची. दोन्ही एकमेकींना खातात."

मग तुम्ही पाटीवर आकृती काढलीत. गिटारला एका गुंडाळीऐवजी दोन बसवायच्या, शेजारी शेजारी. खोलीतल्या विजेची भुणभुण दोघींत सारखीच शिरणार. एकीची टोकं उलटी जोडायची. एकीतली वर जाते तेव्हा दुसरीतली खाली. बेरीज शून्य.

"मग तारांचा आवाजसुद्धा शून्य होईल की," मी म्हटलं.

तुम्ही पाटीकडं बघत राहिलात. पानं वाढली तरी तुमचं लक्ष नव्हतं. वरण-भात कालवलात आणि घास हातातच राहिला. आणि मग स्वयंपाकघरात तीन शब्द उमटले: "मिक्नातीस उलटा करायचा!" एका गुंडाळीत चुंबकाचं उत्तरेचं टोक वर, दुसरीत दक्षिणेचं. म्हणजे तारांचा आवाज दुसरीत आधीच उलटा निघतो, आणि टोकं उलटी जोडली की पुन्हा सुलटा होऊन पहिलीला मिळतो. भुणभुणीला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं. ती तेवढी मरते.

ते तीन शब्द आधी कोण बोललं यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मी बोलले. तुम्ही म्हणायचात, मी बोललो. सासूबाईंना साक्षीला बोलावलं तर त्या म्हणायच्या, दोघंही एकदम ओरडलात आणि माझ्या हातून आमटीचा डाव पडला.

केसाहून बारीक तांब्याची तार तुम्ही सोलापूरहून आणलीत, चुंबकाच्या पट्ट्याही तिथल्याच जुन्या बाजारातल्या. गुंडाळायचं कशावर, हा प्रश्न आला. सासूबाईंच्या शिवणयंत्राला बॉबिन भरायची चकती आहे हे माझ्या लक्षात आलं. तिच्यावर पुठ्ठ्याचा साचा बसवला. तुम्ही हँडल फिरवणार, मी चिमटीतून तार सोडणार. तुम्हाला धीर नाही, मला तुमच्या घाईचा धीर नाही. तार तुटायची, आपण भांडायचो, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सासूबाई उठल्या, तुम्हाला बाजूला सारून यंत्रासमोर बसल्या.

"तुम्ही दोघं भांडा. मी फिरवते."

आणि त्यांनी फिरवलं, वाती वळताना हात चालतो तसं, एका लयीत. वेढे दोन्ही गुंडाळ्यांत सारखे हवे होते, म्हणून तुम्ही त्यांच्याच जपमाळेवर मोजत बसलात. त्या दुपारी कुणी घरात डोकावलं असतं तर वाटलं असतं, घरात अनुष्ठान चाललंय.

जुना पिकअप काढताना तुम्ही माझी परवानगी घेतलीत. "काढू का?" असं विचारलंत आणि मी हो म्हणेपर्यंत स्क्रूला हात लावला नाहीत. निखाऱ्यावर सळई तापवून तुम्ही कथलाचे डाग देऊन तारा सांधल्यात, मी फुंकर घातली. नव्या दोन्ही गुंडाळ्या बसल्या. रेडिओ लावला, आणि भुणभुण होती त्याच्या दुप्पट! तार छेडली तर आवाज इवलासा, पत्र्याच्या डबीत अडकल्यासारखा.

सासूबाई म्हणाल्या, "झालं समाधान?"

तुमचा चेहरा पडला. पण मला हसू फुटलं, कारण सगळं बरोबर उलटं झालं होतं. जे मरायचं ते जगलं होतं आणि जे जगायचं ते मेलं होतं. "एकीची टोकं बदला," मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मान हलवलीत आणि पुन्हा सळई निखाऱ्यात घातलीत. टोकं बदलली. रेडिओ लावला. आवाज नाही. सासूबाईंना वाटलं, रेडिओच बंद पडला. मी एक तार छेडली, आणि ती घरभर वाजली. तिच्या मागं काही नव्हतं. ती संपली तेव्हा पूर्ण संपली. तुमच्या तोंडून नुसतं निघालं, "खामोशी ऐक."

त्याच संध्याकाळी आपला मोठा वाद सुरू झाला. भुणभुण गेली हे मला कबूल होतं. पण आवाजाची धारही गेली होती. सूर गोल झाला होता, दुधात भिजवल्यासारखा.

"ती धार नव्हती, कचरा होता," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे इतके दिवस मी कचरा वाजवत होते?"

"तू चांगलंच वाजवत होतीस. वर कचरा पडत होता."

चांगलंच वाजवत होतीस! तुम्ही ते वादाच्या भरात बोलून गेलात, आणि मीही वादाच्या भरात ते तसंच जाऊ दिलं.

मग भूम. तिथल्या मुलींच्या शाळेला खोली बांधायची होती, त्यासाठी करमणुकीचा कार्यक्रम होता. तुळजापुरात हसं झालेलं ठाऊक असूनही यांनी पुन्हा माझं नाव दिलं. तुम्ही म्हणालात, मी बरोबर येतो. येरमाळ्याला बस बदलली. कंडक्टर म्हणाला, "काका, पेटी टपावर टाका." तुम्ही म्हणालात, "ती आत बसेल. मी जातो टपावर." त्यानं आत जागा करून दिली.

भूमच्या बाजारतळावर मांडव होता. दिवेलागणीची वेळ, आठवडी बाजाराला आलेली माणसं अजून रेंगाळत होती. माझं नाव पुकारलं, मी बसले, कर्णेवाल्यानं वायर जोडली. मी तार छेडली. काही नाही. पुन्हा छेडली. काही नाही. बसच्या धक्क्यांनी आतला एखादा डाग सुटला होता. मांडवात कुजबुज सुरू झाली. "आवाज येईना की वो!" कुणी म्हणालं. वाचनालयातलं हसू माझ्या कानात पुन्हा ऐकू यायला लागलं.

तुम्ही उठलात. धोतर, कोट, काळी टोपी. सगळ्या गावादेखत स्टेजवर चढलात आणि माझ्या पुढ्यात मांडी घालून बसलात, सुनेच्या समोर, तिच्या मांडीवरच्या वाद्यावर वाकून. चाकूनं स्क्रू काढलेत. कर्णेवाल्याकडची सळई चहावाल्याच्या स्टोवर तापायला गेली. आणि आपल्या दोघांत एक मायक्रोफोन उभा होता, तो चालू होता, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

"हलवू नको."

"मी नाही हलवत. तुमचा हात हलतोय."

कर्ण्यांतून सगळा बाजारतळ ऐकत होता.

"मामंजी, राहू द्या. लोक पुन्हा हसतील."

"हसू देत की. तुझं काम वाजवायचं, तू वाजव." आणि तार चिमटीत धरून, वर न बघता, तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखं वाजवणारं माणूस माझ्या घरात आलं, त्याला लोकांच्या हसण्यापायी मी गप्प बसवू? तसं झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. फुंकर घाल."

मी फुंकर घातली. तीसुद्धा कर्ण्यांतून मोठी होऊन गेली. तेव्हा कुठं तुम्ही मान वर केलीत, मायक्रोफोन बघितलात आणि कानापर्यंत लाल झालात. मांडवात कुणी हसलं नाही. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि खाली जाऊन बसलात.

मी यमन वाजवला. भुणभुणीचा मागमूस नव्हता. पहिला सूर निघाला तेव्हा लोकांनी कर्ण्यांकडं माना वळवल्या, हा आला कुठून म्हणून. मी सावकाश वाजवत गेले. मला पुढचं सगळं दिसत होतं, कुठं थांबायचं, कुठं कांडी उचलायची, कुठं सूर तसाच विरू द्यायचा. आयुष्यात इतकं निर्धास्त मी कधी वाजवलं नव्हतं. संपल्यावर कर्णेवाला तुमच्याकडं आला. "काका, लई वर्सं ह्या धंद्यात हाय. भुणभुण कुठं गेली वो?"

"घरी ठेवून आलो," तुम्ही म्हणालात.

परतीच्या बसमध्ये आपण त्याविषयी एक अक्षर बोललो नाही. तुम्ही खिडकीतून ज्वारीची रानं बघत होतात. मी म्हणायला हवं होतं, मामंजी, मी ऐकलं. तुम्ही म्हणायला हवं होतं, मी ते लोकांसाठी बोललो नव्हतो. सासूबाईंना हे भूमहून आल्यावर यांनीच सांगितलं, आणि त्यांनी तुमच्या पानात न मागता तुपाची धार सोडली. पुढं तुमचे चुलतभाऊ आले तेव्हा तुम्ही स्वतः मला हाक मारून म्हणालात, "बातम्या संपल्यात." मी त्यांच्यासमोर वाजवलं. ते शेवटपर्यंत बसले.

या हिवाळ्यात दम्यानं तुम्हाला बसतं ठेवलं. उशांना टेकून तुम्ही ऐकायचात. एकदा धाप जरा थांबल्यावर विचारलंत, "आता खरं सांग. जुना बरा की नवा?"

"जुना," मी म्हटलं.

तुम्ही डोळे मिटून हसलात. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नवा. आजारी माणसाचं मन राखायला. पण तसं खोटं बोलले असते तर तुम्हाला खरंच वाटलं असतं की आता आपलं काही खरं नाही.

तेरावा झाल्यावर मी गिटार उकलली. एकटीनं. यांनी आणून दिलेलं एक छोटं बटण तिच्या अंगावर बसवलं. खाली केलं की दोन्ही गुंडाळ्या चालतात, वर केलं की एकच. तुमचा आवाजही राहिला आणि माझी धारही परत आली, भुणभुणीसकट. डाग माझे आहेत, तुमच्याइतके गोल नाहीत, पण पक्के आहेत. ओढून बघितलेत.

भूमची शाळा दुसरी खोली बांधतेय. त्यांचं बोलावणं आलं. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, वर्ष तरी सरू द्या. ते वाईट मनानं बोलले नाहीत. "वाटेत पुन्हा डाग सुटला तर?" यांनी विचारलं.

"मी देईन," मी म्हटलं.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. मोकळ्या कपाळानं कार्यक्रमाला जाणारी बाई आपल्या आळीत मी तरी पाहिली नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि चुलतभावांकडं सरळ बघून म्हणाल्या,

"डाग देताना गिटार धरायला माणूस लागतं. मी जाते तिच्याबरोबर."

मामंजी, येत्या रविवारी आम्ही दोघी भूमला निघालोय.